बारा महिन्यांचं वर्ष, तेरा रिचार्ज

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकांच्या पानावर मोबाइलवरून चांगलीच जुंपली आहे. जळगावच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने लिहिलं, की अमेरिकेत सिमकार्डवाली कंपनी महागडा फोन जवळजवळ फुकट हातात देते, आपल्याकडे मात्र पूर्ण किंमत मोजावी लागते. तशा योजना इथेही याव्यात. त्यावर धुळ्याच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी उत्तर दिलं, की इतकं स्वस्त इंटरनेट जगात कुठे मिळत नाही, तेव्हा रडगाणं पुरे. दोन्ही पत्रं मी दुकानात उभ्याउभ्या वाचली, गिऱ्हाईक थांबवून. दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं काउंटरच्या माझ्या बाजूने दिसतं, म्हणून हे पत्र.

अमळनेरला माझं मोबाइलचं दुकान आहे, २००३ पासून. त्याआधी त्याच गाळ्यात एसटीडी-पीसीओ होतं. काचेचं केबिन, आत स्टूल, आणि बोलणाऱ्याच्या नाकासमोर लाल आकड्यांचा डबा. सेकंद सरकत, तसे पैसे सरकत. सुरतेला कामाला गेलेल्या पोराशी बोलणारा बाप "बरं, ठेवतो मग" म्हणायचा, तो त्या लाल आकड्यांकडे बघूनच. रिसीव्हर ठेवला, की बारक्या प्रिंटरमधून कर्रर्र करत चिठ्ठी निघायची : नंबर, वेळ, पल्स, रक्कम. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, म्हणून साडेदहालाच ओट्यावर माणसं येऊन बसत. फोन महाग होता, फार महाग होता. पण बोललो किती आणि दिले किती, हे अंगठा करणाऱ्यालाही कळत होतं. पुढचं सगळं वाचताना तो लाल डबा तेवढा ध्यानात ठेवा.

आधी विद्यार्थी मित्राचा मुद्दा. २००७ साली पहिला आयफोन अमेरिकेत आला, तो एकट्या एटी अँड टी कंपनीकडे, दोन वर्षांच्या कराराने. किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. ८ जीबीचा ५९९ वाला काही आठवड्यांतच ३९९ वर उतरवला. पुढच्या वर्षी थ्रीजी आयफोन आला आणि जाहिरात झळकली : फक्त १९९ डॉलर! आधीपेक्षा थेट दोनशेने कमी. फक्त त्याच्या इंटरनेटचा महिना वीस डॉलरवरून तीसवर गेला, आणि करार पुन्हा चोवीस महिन्यांचा. दहा गुणिले चोवीस. काउंटरवर दोनशे सोडले आणि बिलातून दोनशे चाळीस काढले. फेब्रुवारी २०११ मध्ये व्हेरायझन या दुसऱ्या कंपनीकडे आयफोन गेला, तोपर्यंत तिथल्या माणसाला हा फोन हवा असेल तर रेंज येवो न येवो, एटी अँड टीचाच हात धरावा लागे. शेवटी २०१३ साली टी-मोबाइलने हे करार मोडीत काढले, फोनचे पैसे वेगळे आणि सेवेचे वेगळे दाखवायला सुरुवात केली, आणि बाकीच्यांनाही हळूहळू त्याच वाटेने यावं लागलं. म्हणजे आपण ज्या योजनेसाठी आग्रह धरता आहात, तिचं मूळ रूप तिथल्याच बाजाराने बाजूला ठेवलं.

तोच थ्रीजी आयफोन ऑगस्ट २००८ मध्ये एअरटेल आणि व्होडाफोनने भारतात आणला, तेव्हा ८ जीबीचा भाव होता ३१,००० रुपये. १९९ डॉलर म्हणजे तेव्हाचे साडेआठ-पावणेनऊ हजार. पेपर हातात घेऊन माझं एक गिऱ्हाईक म्हणालं, "एवढ्यात बैलजोडी येते, आणि ती चार्ज करावी लागत नाही." फरक एवढाच, की आपल्याकडे किंमत बिलात लपवली नव्हती. डोळे पांढरे करणारी होती, पण समोर होती.

आणि आपल्याकडे असं काही झालंच नाही, हेही खरं नाही. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरा आणि मोबाइल घरी न्या, अशी योजना काढली होती. लोक तुटून पडले. सीडीएमएचे ते फोन. वेगळं सिमकार्डच नाही, त्यामुळे कंपनी बदलायची तर फोनही बदला. २०१७ चा जिओफोनही त्याच गोत्रातला : १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत, फोन चालणार फक्त जिओवर. वाईट होतं असं मी म्हणत नाही. त्या ५०१ ने रिक्षावाल्याच्या हातात मोबाइल आला, आणि त्याच सुमारास येणारे फोन फुकट झाले म्हणून तो हातात राहिला. पण स्वस्त हत्यार देणारा नंतर धार लावण्याचे पैसे घेतो, हे विद्यार्थी मित्राला सांगायलाच हवं.

फोन विकणाऱ्यांची आपसातली मारामारी मी याच काउंटरवरून पाहिली. तिच्यावर फार शाई घालवत नाही. नोकियाचा अकराशे होता, ज्याला वर टॉर्च होती. रात्रीची लाइट येणाऱ्या गावात पाणी भरायला जाणारा माणूस फोनसाठी नाही, त्या टॉर्चसाठी तो घ्यायचा. मग मायक्रोमॅक्सने दोन सिम आणि मोठी बॅटरी देऊन नोकियाच्या नाकी नऊ आणले. २०१४ च्या जुलैत शाओमी आली, ती दुकानात नाही, इंटरनेटवर, आणि २०१७ संपता संपता तिने सॅमसंगला मागे टाकलं. तोवर ओप्पो-विवोवाल्यांनी आमची पाटी फुकटात रंगवून द्यायला सुरुवात केली होती. आमच्या रस्त्यावर एके वर्षी सगळी दुकानं निळी-हिरवी झाली, दुकानदाराचं नाव कोपऱ्यात, मुंगीएवढं. या भांडणात गिऱ्हाइकाचा फायदा झाला, ते कबूल. तेच पैसे टाकून आज दहापट चांगला फोन मिळतो. माझं मार्जिन किती उरलं हे विचारू नका. खरं सांगायचं तर माझं पोट कव्हर आणि ग्लासवर चालतं.

पण आता खोक्यावरचा भाव कोणी विचारतच नाही. विचारतात, "हप्ता किती?"

एक हिशेब मांडतो. फोन १३,९९९ चा. पोस्टरवर मोठ्या अक्षरात "शून्य व्याज". सुरुवातीला भरायचे २,९९९. मग आठ हप्ते, प्रत्येकी १,४९९ चे. शिवाय फाइल चार्ज ४९९. बेरीज करा : १५,४९०. शून्य व्याजाच्या फोनवर चौदाशे एक्क्याण्णव रुपये कुठून चढले? गिऱ्हाईक हा प्रश्न विचारत नाही, कारण त्याच्या डोक्यात १,४९९ हा एकच आकडा असतो. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या अशा सगळ्या कर्जांना एक पत्रक सक्तीचं केलंय : एकूण खर्च किती, वर्षाचा दर किती, सगळं एका जागी, कर्जदाराला समजेल अशा भाषेत. उत्तम नियम आहे. माझ्या दुकानात ते पत्रक येतं ते पीडीएफ होऊन, इंग्रजीत, आणि तेही त्याच नव्या फोनवर, सही झाल्यानंतर पाच मिनिटांनी. आजवर ते उघडून वाचणारा एक जण मला भेटला, आणि तो वकील होता.

पुढचा किस्सा पातोंड्याकडच्या एका पोराचा. टेम्पो चालवतो. हप्त्याच्या तारखेला खात्यात दोनशे रुपये कमी पडले, हप्ता परत गेला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी फोन कुलूपबंद. स्क्रीनवर एकच वाक्य : हप्ता भरा. हे कुलूप फोन देतानाच टाकलेलं असतं. टाकतो आम्हीच, कंपनीच्या सांगण्यावरून. कापसाच्या भाड्याचे पैसे जमा व्हायचे ते त्याच फोनवरच्या अॅपात. हप्ता भरायचं अॅपही त्याच फोनमध्ये. घराची किल्ली घरात ठेवून बाहेरून कडी लागली, तसं त्याचं झालं. शेवटी माझ्या फोनवरून १,४९९ भरले आणि वर परतीचा दंड ५९० : पाचशे दंड, नव्वद जीएसटी. दोनशे रुपये कमी पडल्याचे पाचशे नव्वद. फोन उघडल्यावर त्याने पहिला कॉल केला तो भाडं दुसऱ्याला गेलं का हे विचारायला. गेलं होतं.

आता बँक अधिकारी साहेबांचा मुद्दा. साहेब, इंटरनेट स्वस्त आहे, मान्य. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि पुढचे सहा-सात महिने फुकटच चाललं, तेव्हा दुकानापुढची गर्दी मीच आवरत होतो. पण स्वस्त कोणासाठी? दिवसाला दीड जीबी वापरणाऱ्यासाठी.

मारवडच्या बाजूच्या एक आजी आहेत. पीसीओच्या काळापासूनचं माझं गिऱ्हाईक. तेव्हा पदराच्या गाठीत नंबर लिहिलेला कागद असायचा, आता रुमालात गुंडाळलेला बटणांचा फोन. मुलगा तेव्हाही सुरतेला होता, आताही सुरतेलाच. मागच्या पावसाळ्यात आल्या आणि म्हणाल्या, आठ दिवस झाले, पोराचा फोन येत नाही. बघतो तर पॅक संपलेला. त्यांना वाटलं पोरगा रागावला. मी १९९ चा टाकू लागलो तशा म्हणाल्या, "भाऊ, माले नेट काय करानं शे? आंडोरसंगे बोलानं शे फक्त."

नेट नकोच, पोराशी बोलायचं तेवढं. याला माझ्याकडे काय उत्तर होतं? एक केळं हवं असलं तरी अख्खा घड उचला, असा हा बाजार आहे. २००५ च्या अखेरीस ९९९ रुपयांत "लाइफटाइम" कार्डं निघाली होती. मीच किती तरी विकली. एकदा भरा, जन्मभर फोन येत राहतील. २०१८ च्या नोव्हेंबरात कंपन्यांनी दर २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचा रिचार्ज लावला आणि तो जन्म तिथे संपला. आज ३५ मध्ये तो महिना निघत नाही. जुलै २०२४ ची दरवाढ तर सगळ्यांनाच आठवत असेल : जिओचा २३९ चा पॅक २९९ झाला, १५५ चा १८९; एअरटेलचा १७९ चा १९९. सगळं एका आठवड्याच्या आत, सगळ्यांचं जवळपास सारखं. पूर्वी बारा-बारा कंपन्यांची कार्डं माझ्या काचेत लटकायची. टाटा डोकोमोने २००९ मध्ये सेकंदाला एक पैसा लावला, तर काही महिन्यांतच बाकीच्यांना तिथे यावं लागलं. आता खासगी तीन उरल्या आणि सरकारी बीएसएनएल. भाव उतरवायची शर्यत होती तेव्हा एक पळाला की सगळे पळत. चढवायलाही तसेच पळतात.

आणि ते २८ दिवस! वर्षाचे महिने बारा, रिचार्ज तेरा. तेरा गुणिले अठ्ठावीस, तीनशे चौसष्ट. आपल्या पंचांगात अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, यांना धोंड्याचा महिना दरवर्षी लागतो, आणि वाण घेणारे जावईही हेच. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाने, २०२२ साली सांगितलं, की प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक पूर्ण ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारा ठेवावा. ठेवला आहे. निदान एक म्हटलं, म्हणून असे पॅक मोजकेच.

ट्रायनेच २३ डिसेंबर २०२४ ला आणखी एक चांगलं काम केलं : ज्याला इंटरनेट नको, त्याच्यासाठी फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅक काढा, मुदत वर्षापर्यंत ठेवा. त्याप्रमाणे जानेवारी २०२५ मध्ये पॅक आले. जिओचा ८४ दिवसांचा ४४८ चा, ३३६ दिवसांचा १,७४८ चा. एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ चा आणि वर्षभराचा १,८४९ चा. १९९ तेरा वेळा भरला तर होतात २,५८७. वर्षाला सातशेच्या वर वाचतात. आजींसाठीच काढलेला पॅक म्हणा ना. पण माझ्या दुकानात चिकटवायला जी पोस्टरं येतात, त्यांतल्या एकावरही मला हे पॅक दिसलेले नाहीत. आणि आणखी एक अडचण आहे, जी दिल्लीत बसून दिसत नाही : कापूस वेचून किलोमागे मजुरी घेणाऱ्या बाईकडे एकदम अठराशे रुपये कधी असतात? किराणा दुकानातून रोज पाव किलो तेल नेणाऱ्याला ते पंधरा किलोच्या डब्यापेक्षा महागच पडतं. आजींनी शेवटी ८४ दिवसांचा घेतला, दोनशे माझ्याकडे उधार ठेवून.

रिचार्ज झाल्यावर त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "चिठ्ठी दे ना माले."

चिठ्ठी! वीस-बावीस वर्षांनी हा शब्द काउंटरवर ऐकला. पीसीओतली कर्रर्र करत निघणारी चिठ्ठी त्या घरी नेऊन नवऱ्याला दाखवायच्या. आता माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. फोनवर एक एसएमएस आला होता, इंग्रजीत, तारखेसह. मी वहीचं पान फाडलं आणि मोठ्या अक्षरांत लिहून दिलं : किती भरले, कुठपर्यंत चालेल, पुढचा रिचार्ज कोणत्या तारखेला, उधारी दोनशे. दिवाळीच्या किती आधी की नंतर तेही लिहिलं, कारण तारखेपेक्षा त्यांना ते चटकन कळतं.

तेव्हापासून ही सवयच लागली. हप्त्यावर फोन घेणाऱ्यालाही पान लिहून देतो : खोक्यावरचा भाव, हप्त्यांची बेरीज, फाइल चार्ज, आणि खाली दोन वर्षांचा रिचार्ज. वरच्या १३,९९९ च्या फोनचं पान २३,२६४ रुपयांवर संपतं : १५,४९० फोनचे आणि २९९ च्या पॅकचे २६ रिचार्ज म्हणजे ७,७७४. पान वाचून दर आठवड्याला एक-दोन गिऱ्हाइकं "जरा घरी विचारतो" म्हणून जातात. काही परत येतात, स्वस्तातला फोन रोखीने घेतात. काही शेजारच्या दुकानातून त्याच हप्त्यावर उचलतात. कंपनीने दुकानात बसवलेला प्रमोटर मुलगा माझ्यावर नाराज आहे. त्याचं टारगेट बुडतं. त्याचंही बरोबर आहे, त्याचा पगार त्यावर. आणि माझा कमिशनचा स्लॅब हुकतो तेव्हा मलाही वाटतं, कुठून ही अवदसा आठवली.

आमच्या गावाला नफ्याचं वावडं नाही. १९४५ साली इथेच वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. तिचे शेअर जपून ठेवलेली माणसं या गावात आहेत. कंपन्यांनी कमवावं, मीही कमवतो. पण रावेर-यावलच्या केळीवाल्याला विचारा, बोर्डावरचा भाव आणि हातात पडलेला भाव यांत फरक आला की तो बाजार समितीच्या दारात जाऊन बसतो. निदान त्याच्यासमोर बोर्ड तरी असतो. मोबाइलच्या गिऱ्हाइकाला बोर्डच नाही.

म्हणून ट्राय आणि ग्राहक खात्याकडे माझी मागणी छोटीच आहे. प्रत्येक पॅकच्या किमतीशेजारी, तेवढ्याच आकाराच्या अक्षरात, वर्षाचा खर्च छापा. हप्त्यावरच्या फोनच्या पोस्टरवर हप्त्याएवढ्याच अक्षरात एकूण बेरीज छापा. रिझर्व्ह बँकेचं ते पत्रक सहीच्या आधी, मराठीत, कागदावर द्या. आणि फक्त बोलण्याचा पॅक ८४ दिवसांच्या खाली, २८-३० दिवसांचाही काढा, म्हणजे मजुरीवर जगणाऱ्याला तो घेता येईल. जळगावच्या मित्राने अमेरिकेहून काही आणायचंच ठरवलं असेल, तर करार आणू नका. फोनचे पैसे वेगळे आणि सेवेचे वेगळे दाखवायची २०१३ ची सवय आणा.

नाव-पत्ता सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे, पण कृपया छापू नये. कंपनीचा टारगेटवाला माणूस दर सोमवारी दुकानात येतो, आणि तो आपला पेपर वाचतो.

आपला वाचक,
एक मोबाइल दुकानदार
अमळनेर, जि. जळगाव